अठरा कड्या

बोर्गहिल्डनं साचे दिले जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून
आणि म्हणाली, ओडवार, हे इंजिन नव्हे.
सहा साचे, एकेकात तीन गोल खाचा.
थोरलीवर धाकटी, धाकटीवर तिच्याहून धाकटी,
अशा अठरा कड्यांचा बदामी मनोरा.

रविवारी सुनिवाचं कन्फर्मेशन.
मच्छीमार संघाच्या सभागृहात चाळीस माणसं,
आणि त्रोन्हाइमहून तूरिड.
विकतचा आणला असता
तर कोणी काही म्हणालं नसतं.
तेच तर.

बदाम दळले, अर्धे सोललेले, अर्धे सालीसकट.
पिठीसाखर. अंड्यांचा पांढरा बलक.
गोळा रात्रभर फ्रीजमध्ये.
साच्यांना लोणी, लोण्यावर रवा,
मग तळहाताखाली करंगळीएवढ्या वळ्या.
याच हातांनी तीस वर्षं बोटीचे दोर सांधले,
वादळात, हातमोजे काढून.
दोराला ओढ चालते.
हे पीठ तर नुसत्या घाईनं तुटायचं.

पहिल्या घाण्यात कड्या फुगल्या
आणि एकमेकींच्या गळ्यात पडल्या.
सातवी आणि तेरावी सुटेनात.
सुरी लावली,
तर दोघींचे मिळून नऊ तुकडे.

रात्रीचा एक वाजला होता आणि ओट्यावर ऊन होतं.
आमच्या बेटांवर मे संपताना
चुका लपवायलासुद्धा अंधार मिळत नाही.

सुनिवा मोज्यांवरच खाली आली.
एक तुकडा उचलला, मग दुसरा.
चिवट आहे, म्हणाली, पण चांगला चिवट.
मग ओट्याला टेकून,
बाबा, आईला काही दाखवायचंय का तुला?
पिठीसाखर दे, मी म्हणालो.
तिनं दिली.
नऊच्या नऊ तुकडे संपवले आम्ही,
उभ्या उभ्याच.

दुसऱ्या घाण्याला बोर्गहिल्ड फोनवर.
तिलाही झोप नव्हती, माझ्या खिडकीकडे डोळे लावून बसलेली.
हात लावू नकोस. साच्यातच निवू दे. कॉफी पी.
प्यायलो. तीन कप.
एकेक कडी सुटी झाली तेव्हा
मी टोपी काढली. घरात मी टोपी घालून होतो
हे तेव्हा कळलं.

बदाम संपले होते. दुकान सोमवारी उघडणार.
सोळा कड्याच रचल्या.
सहावीवर आठवी. बारावीवर एकदम चौदावी,
जिन्याची पायरी गाळावी तशी.
साखरेच्या पाकानं नागमोडी रेघा ओढल्या,
त्या कोणत्याही नागाला ओळखू आल्या नसत्या.
वर कागदी झेंडे खोचले, जिथं जास्त वाकडं होतं तिथं जास्त.

सभागृहात तूरिडचा नवरा हेनिंग
फोटो काढत होता,
मनोऱ्याचा कल दिसणार नाही अशा बाजूनं.
भला माणूस आहे.
तेही सोसावं लागतं.

तूरिड जवळ आली. ओठ हलत होते.
ती मोजते. नेहमीच मोजायची,
जिन्याच्या पायऱ्या, माझ्या फेऱ्या, घरी न आलेल्या रात्री.
दोन कमी आहेत, म्हणाली.
सातवी. आणि तेरावी.
मी काही बोलायच्या आत
सुनिवा, तोंडात कोळंबी असताना,
त्या आम्ही खाल्ल्या.

हा मनोरा आमच्याकडे शेंड्यापासून मोडत नाहीत.
वरचा डोलारा उचलून धरायचा,
तळाची कडी काढायची, डोलारा पुन्हा टेकवायचा.
माणसं खात राहतात, तो उभाच असतो,
नुसता बुटका होत जातो.
याला चार हात लागतात.
तूरिडनं डोलारा धरला. मी कडी ओढली.
हं, ती म्हणाली. हं, मी म्हणालो.
असं सहा वेळा.

सोमवारी साचे टूथब्रशनं घासले.
एका खाचेत रवा राहिलाच.
बोर्गहिल्डला तो दिसणार,
आणि ती बोलणार.